नदीचं उसनं



पत्रिका छापायला जाण्याच्या आदल्या रात्री संयोजकांचा फोन आला. ‘सर, शीर्षकात एखादा शब्द राहिलाय का? नदीचं उसनं... काय?’ मी म्हटलं, पाणी. तर म्हणाले, ‘नदीचं पाणी आपण घेतोच की. उसनं कधी घेतलं?’ तेच सांगायला येतोय, म्हटलं मी.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींना मी पाहिलेलं नाही. पण ते गणित शिकवायचे, आणि उत्तर बरोबर असूनही रीत चुकली तर मार्क कापायचे, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून आज दुपारीच ऐकलं. मग माझी भीड थोडी चेपली. आजचा विषय सगळा रीतीचाच आहे.

माझ्या आजीचे उसनवारीचे नियम कडक होते. वाटी भरून आणली तर शीग लावून परत करायची. ज्या घरून आणली त्याच घरी द्यायची. आणि त्यांच्याकडे सणवार असेल तर त्याच्या आत द्यायची. होळीच्या पुरणासाठी लागणारा गूळ पाडव्यानंतर नेऊन दिलास तर तो त्यांनी काय डोक्याला लावायचा, असं ती विचारायची. पुढे मी जवळजवळ वीस वर्षं अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात पाण्याचे हिशेब लिहिण्याची नोकरी केली. हुद्दा इंजिनिअरचा, काम तलाठ्याचं. तिथला पाण्याचा कायदा वाचताना मला आजी फार आठवायची.

आधी मुलूख डोळ्यांपुढे आणू. पश्चिमेला रॉकी पर्वताची भिंत, पूर्वेला पसरलेलं सपाट मैदान, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे उत्तर-दक्षिण ओळीने वसलेली शहरं: फोर्ट कॉलिन्स, लाँगमाँट, बोल्डर, डेन्व्हर. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण १५ इंच. आपल्या माणदेशाहूनही कमी. डोंगरावरचं बर्फ मे-जूनमध्ये वितळतं आणि त्याचं पाणी साउथ प्लॅट नदीत उतरतं. या नदीला सेंट व्रेन, बिग थॉम्पसन, काश ला पूद्र अशा लेकी मिळतात. शेवटच्या नावाचा अर्थ ‘बारूद लपवा’. फ्रेंच शिकाऱ्यांनी हिवाळ्यात अडकल्यावर बंदुकीची दारू तिच्या काठी पुरून ठेवली होती, अशी कथा आहे. गावातले लोक मात्र तिला सरळ ‘पूडर’ म्हणतात.

या नद्यांनी हजारो वर्षं डोंगर झिजवून खाली गोटे आणि वाळू आणून टाकली. नदीच्या दोन्ही अंगांना वीस, तीस, कुठे चाळीस फूट जाडीचा हा थर आहे. त्याच्याखाली निळसर करडा शेल, म्हणजे पाणी न झिरपू देणारा दगड. थर धुऊन निघालेला, गोलसर गोट्यांचा, काँक्रीटला उत्तम. आणि तिथून अर्ध्या तासावर भराभर वाढणारी शहरं. खाणी नदीकाठीच का, याचं उत्तर इथेच मिळतं. खडीचं भाडं मैलागणिक वाढतं आणि रस्ते तर बांधायचेच असतात.

अशी एक खाण जवळून बघू. वरची काळी माती खरवडून बाजूला बांधासारखी रचून ठेवलेली असते; पुढे कधीतरी ती परत पसरायची असते. सहा-सात फुटांवर ओल लागते, आणखी खाली गेलं की कडेकडेने पाणी पाझरू लागतं. खड्डा कोरडा ठेवायला डिझेलचा पंप रात्रंदिवस धडधडतो, उपसलेलं पाणी चरातून नदीला जातं. एक्स्कव्हेटर गोटे उचलतो, पट्ट्यावरून ते चाळणीकडे जातात. पट्ट्याखाली उभं राहिलं की डोक्यावर टपटप थेंब पडतात. हे थेंब सोडून खडीच्या अंगाला चिकटून जे पाणी ट्रकमधून बाहेर जातं, तेही हिशेबात धरतात: पाण्याखालून काढलेल्या मालाच्या वजनाच्या ४ टक्के. लाख टन खडी विकली तर ४,००० टन पाणी, म्हणजे ४० लाख लिटर, नदीच्या खोऱ्यातून उठून कुणाच्या तरी गॅरेजच्या फरशीत गेलं. धूळ दाबायला रस्त्यावर शिंपडलेल्या टँकरच्या फेऱ्याही मोजायच्या. पहिल्या महिन्यात हे ऐकून मी हसलो होतो.

पण खरं पाणी पितो तो खड्डाच. माल संपला, पंप बंद झाला, की खड्डा आपोआप भरतो. निळंशार तळं तयार होतं. बदकं येतात, पांढरे पेलिकन येतात, कडेला बाकं टाकली की नगरपालिकेचं उद्यानही तयार. ते पाणी मात्र नदीचंच आहे. नदीच्या पोटातून, वाळूच्या थरातून सरकत चाललेलं पाणी. आपण फक्त त्याच्यावरचं पांघरूण काढलं. पांघरुणाखाली त्याला ऊन लागत नव्हतं. आता लागतं. त्या कोरड्या हवेत उघड्या पाण्याचा वर्षाला साधारण पावणेचार फूट थर उडून जातो. त्या जागेवरचं गवत पावसाचं जेवढं पाणी एरवी प्यालं असतं तेवढं वजा करतात, तळं गोठलेलं असतं तो काळ सोडून देतात, आणि उरतं ते खड्ड्याच्या नावे मांडतात. ढोबळ अडीच फूट धरा. २५ एकरांचं तळं असेल तर ६२ एकर-फुटांच्या वर, म्हणजे पावणेआठ कोटी लिटर. दरवर्षी. खाणवाला गेल्यावरही, त्याचा नातू गेल्यावरही.

आता कुणी म्हणेल, उडालं तर उडालं, कुणाचं काय गेलं? कोलोरॅडोत या प्रश्नाला लगेच उत्तर मिळतं. कुणाचं गेलं त्याचं नाव, पाटाचं नाव आणि तारीख वहीत लिहिलेली असते.

तिथला कायदा तारखेवर चालतो. ज्याने आधी नदीतून पाणी काढून शेताला लावलं, त्याचा हक्क थोरला. नंतर आला तो धाकटा. नदीला कमी पाणी असेल तर थोरल्याचं पूर्ण भरल्याशिवाय धाकट्याला थेंब नाही. काठावर जमीन आहे की दहा मैल लांब, याला किंमत शून्य. १८७९ साली सेंट व्रेनच्या काठच्या काही शेतकऱ्यांनी चिडून एका पाटाचा बंधारा उखडला, कारण तो पाट त्यांच्या नदीचं पाणी उचलून दुसऱ्याच ओढ्याच्या खोऱ्यात नेत होता. काठ आमचा, पाणी दुसऱ्याला कसं, हा त्यांचा सवाल. १८८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉफिन विरुद्ध लेफ्ट हँड डिच कंपनी’ या खटल्यात त्यांना सांगितलं: पाट आधी खणला गेला, पाणी पाटाचं. योगायोग बघा, त्याच १८७९ साली आपल्याकडे मुंबई इलाख्याचा इरिगेशन ॲक्ट झाला आणि सरकारने नद्यांच्या पाण्यावर हात ठेवला. एकीकडे पाणी तारखेचं झालं, दुसरीकडे साहेबाचं.

माझं आजोळ मोसम नदीकाठचं, फड बागायतीचं. तिथे पाणी कमी पडलं की त्या वर्षी भिजवायचं क्षेत्रच सगळे मिळून कमी करायचे. तंगी सगळ्यांच्या ताटात थोडी थोडी वाढली जायची. आमच्या पाटकऱ्याला कोलोरॅडोचा कायदा सांगितला असता तर त्याने मला वेड्यात काढलं असतं. थोरल्याचं शेत तुडुंब आणि धाकट्याचं करपलेलं, मध्ये एक कुंपणाची तार. हे मी दर उन्हाळ्यात बघितलं आहे आणि मला ते कधीच गोड वाटलं नाही. एक मात्र कबूल करतो. तंगी कुणाच्या ताटात वाढायची हे आधीच ठरलेलं असल्यामुळे तिथे प्रत्येक थेंबाला वाली असतो. २०१६ पर्यंत घराच्या पन्हाळीचं पाणी पिंपात साठवणं बहुतेकांना बेकायदा होतं, कारण ते छपरावरून ओघळून कधीतरी नदीला मिळणार आणि नदीत ते कुणाचं तरी आहे! आता परवानगी आहे. दोन पिंपं, मिळून ११० गॅलन, त्यावर नाही.

अशा राज्यात गोट्यांच्या खाणी वर्षानुवर्षं पाण्याचा थेंबही न मोजता चालल्या, हे नवल. त्यांचा युक्तिवाद साधा होता: आम्ही पाणी उपसत नाही, विकत नाही, वापरत नाही, आम्ही दगड काढतो, पाणी आपोआप दिसतं. पूडरच्या काठच्या पाटकंपन्यांनी मिळून हे न्यायालयात नेलं. १९८८ मध्ये ‘झिगन सँड अँड ग्रॅव्हल’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भूजल उघडं पाडणारा खड्डा कायद्याच्या नजरेत विहीर आहे. विहीर म्हटली की परवाना आला, आणि थोरल्यांचं नुकसान भरून देण्याची योजना आली. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून रेघ ओढली: १९८१ उजाडण्यापूर्वी ज्या खड्ड्यांत पाणी उघडं पडलं त्यांना माफी, नंतरच्या सगळ्यांनी भरपाई द्यायची. मला या रेघेची गंमत वाटत आली आहे. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन तळी, दोन्हींवर सारखंच ऊन. एकाचं बाष्पीभवन माफ, दुसऱ्याचं दरमहा लिहून द्यायचं. सूर्याला हे कुणी कळवलेलं नाही.

भरपाई म्हणजे काय, तर उसनं परत करणं. खड्ड्याने महिन्याला जेवढं प्यालं तेवढं पाणी दुसरीकडून आणून नदीत सोडायचं. हे दुसरीकडचं पाणी येतं बहुतेक शेतातून, आणि माझी नोकरी तिथूनच सुरू व्हायची.

खाणवाला एखाद्या पाटकंपनीचे शेअर विकत घेतो. पाटाचे शेअर असतात. अमुक शेअर म्हणजे पाटातल्या पाण्याचा अमुक हिस्सा. समजा त्या शेअरवर शेताला एकरी तीन फूट पाणी मिळत होतं. खाणवाल्याला वाटतं, तीन फूट माझे. मग कुणीतरी बसून त्याला समजवायचं की बाबा, लसूणघासाने त्यातलं दीडच फूट प्यालं. उरलेलं दीड फूट शेतातून झिरपून, पाझरून पुन्हा नदीला गेलं आणि खालच्या शेतकऱ्याने ते उचललं. ते कधी तुझं नव्हतंच. तुला विकता येतं, हलवता येतं, ते फक्त पिकाच्या पोटात गेलेलं. आणि तेही सिद्ध करावं लागतं: पंचवीस-तीस वर्षांच्या पाटाच्या नोंदी, जुने हवाई फोटो, कोणत्या साली मका, कोणत्या साली बीट, आणि म्हाताऱ्या शेतकऱ्यांची शपथपत्रं. त्या शपथपत्रांसाठी मी किती स्वयंपाकघरांत पातळ कॉफी प्यालो आहे! ‘१९७७ ला हा तुकडा भिजवला होता का?’ असं विचारलं की आजोबा खिडकीबाहेर बघत बराच वेळ गप्प बसायचे, आणि मग त्या वर्षी कोणता घोडा मेला इथून सुरुवात करायचे.

आता मघाचा आकडा घ्या. २५ एकरांचं तळं, साडेबासष्ट एकर-फूट. पिकाने प्यालेलं एकरी दीड फूट धरलं, तर एका तळ्याची तहान भागवायला ४० एकरांहून जास्त शेत कायमचं कोरडं करावं लागतं. तळं शेतापेक्षा जास्त पितं, कारण शेताला कापणीची सुट्टी असते, तळ्याला नसते. विधान एवढंच आहे, पण पहिल्यांदा कागदावर आलं तेव्हा मी ते दोनदा तपासलं.

शेत कोरडं करायचं म्हणजे नुसतं पाणी बंद करून भागत नाही. खातेउताऱ्यावर बोजा चढतो: या जमिनीला पुन्हा कधी पाटाचं पाणी लावणार नाही. लसूणघासाची मुळं खोल जातात. नदीकाठी भूजल वर असेल तर ती पाट बंद झाल्यावरही खालून पाणी ओढत राहतात. म्हणून पीक मारावं लागतं. नांगर फिरवायचा किंवा फवारायचं, मग देशी गवत पेरायचं. ते रुजेपर्यंत दोन-तीन वर्षं नुसतं काटेरी तण माजतं, वाऱ्याबरोबर गोल गोल गडगडत शेजाऱ्याच्या कुंपणाला जाऊन साचतं, आणि शेजाऱ्याचे फोन आम्हाला येतात.

मघाशी मी रीतीबद्दल बोललो. माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल. एका उन्हाळ्यात माझ्याकडे एका खाणीचा हिशेब होता. भरपाईचं पाणी एका शहराकडून भाड्याने घेतलेलं: शुद्ध केलेलं सांडपाणी. हे पाणी डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून आणलेलं असेल तर पुन्हा पुन्हा वापरता येतं, म्हणून भरपाईला सोन्यासारखं. ऑगस्टचा हिशेब मी मोठ्या टेचात पाठवला. देणं बावीस एकर-फूट, दिलं चोवीस. शीग लावून! चौथ्या दिवशी वॉटर कमिशनरचा फोन. हे पद ऐकायला आयुक्ताचं वाटतं. माणूस मात्र आपला पाटकरी. पिकअप गाडी, मागे फावडं, शेजारच्या सीटवर कुत्रा, आणि नदीवरचं प्रत्येक दार त्याला नावाने माहीत. तो म्हणाला, ‘तुझा खड्डा पुलाच्या वर आहे. तुझं पाणी नदीत पडतं सांडपाण्याच्या प्लँटपाशी, पुलाच्या खाली चार मैल. मध्ये एक १८६०च्या दशकातला पाट आहे आणि सध्या तो नदी पुसून घेतोय. त्याच्या दारापाशी मी उभा आहे. इथे तुझे चोवीस फूट कुठे आहेत ते मला दाखव.’

नदी तिथे खरोखर कोरडी होती. दाराखाली ओले गोटे, आणि दगडाआड अडकलेल्या दोन डबक्यांत तडफडणारे मासे. थोरल्या पाटाला जेवढं कमी पडलं त्यातला आमच्या खड्ड्याने प्यालेला वाटा वरून यायला हवा होता. मी तो खाली टाकला होता. उत्तर बरोबर, रीत चूक. गुरुजींनी पूर्ण मार्क कापले असते. शेजाऱ्याकडून आणलेली साखर मी गल्लीच्या टोकाच्या घरी देऊन आलो होतो. आम्ही धावाधाव करून वरच्या एका पाटाचे शेअर भाड्याने घेतले आणि पाटातून नदीत पाणी परत सोडायच्या जागी मोजपट्टी बसवली. तिथे मोजायला जो निमुळता होत जाणारा, मध्ये खोल गेलेला घाट असतो तो पार्शल फ्ल्यूम. राल्फ पार्शल हा फोर्ट कॉलिन्सचाच माणूस, १९२२ साली त्याने पेटंट घेतलं. आपल्याकडे कालव्यांवर आणि सांडपाणी प्रकल्पांत त्याच नावाने तो आजही दिसतो. कुठे दिसला तर जरा थांबून बघा, फार हुशार वस्तू आहे. एका जागी पाण्याची उंची वाचली की प्रवाह कळतो.

जागेचं झालं. वेळेची गोष्ट त्याहून अवघड. खड्डा नदीपासून अर्ध्या मैलावर असेल तर आज जुलैत उडालेल्या पाण्याची झळ नदीला आज लागत नाही. वाळूतून ती हळूहळू सरकत येते. काही भाग महिन्याभरात, काही पुढच्या वसंतात. रॉबर्ट ग्लोव्हर नावाच्या इंजिनिअरने १९५४ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर याचं समीकरण मांडलं, आणि त्याच्याच नावाने आम्ही अजून गणित करतो. त्यामुळे पंप बंद केला, खाण मिटवली, तरी नदीचं देणं महिनोन्महिने येत राहतं, कुणी मेल्यावर घरी बिलं येत राहावीत तसं. उलट बाजूही तशीच. आपण वाळवलेल्या शेतातून जे पाणी हिवाळ्यात पाझरून नदीला मिळायचं, ते आता मिळणार नाही; खालचा माणूस डिसेंबरात ते तळ्यात भरून घ्यायचा. म्हणजे ज्या महिन्यांत पाट बंद, डबक्यांवर बर्फ, आपल्या तळ्याचं बाष्पीभवन शून्य, त्याच महिन्यांत आपल्याला पाझराचं पाणी भरून द्यायचं असतं. ते कुठून आणायचं? उन्हाळ्यात साठवून. साठवायचं कुठे? तर दुसऱ्या खड्ड्यात.

हा दुसरा खड्डा अस्तराचा. खाणीभोवती गोट्यांच्या थरातून खाली शेलपर्यंत साधारण तीन फूट रुंदीचा चर खणतात, त्यात माती आणि बेंटोनाईटचा गारा भरतात. इमारतींच्या पायाचं काम करणाऱ्यांना बेंटोनाईट माहीत असेल. भिजलं की फुगतं आणि पाणी अडवतं. भिंत पुरी झाली की आत पंप लावून खड्डा रिकामा करायचा आणि ९० दिवस बघत बसायचं, किती पाझरतं. परीक्षेत पास झाला तर तो खड्डा विहीर राहत नाही, टाकी होतो. बाष्पीभवनाच्या कर्जातून सुटतो आणि वर पाणी साठवायची जागा म्हणून शहरं तो विकत घेतात. गोटे विकून पैसे, मग गोट्यांची रिकामी जागा विकून पैसे. साउथ प्लॅटच्या काठाने विमान उतरताना खिडकीतून खाली ओळीने जे आरशांसारखे तुकडे दिसतात, त्यातले कित्येक हे असे. पण भूजलाच्या वाटेत तुम्ही तळघरं बांधत सुटलात की पाणी वरच्या अंगाला तुंबतं, शेजारच्या घराच्या तळघरात शिरतं, आणि खालच्या अंगाच्या विहिरीत कमी होतं.

नदीचं या सगळ्यावर स्वतःचं मत आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये आठवडाभर पाऊस कोसळला. सेंट व्रेनने लाँगमाँटच्या वर जुन्या खाणींच्या तळ्यांचे बांध फोडले आणि एका तळ्यातून दुसऱ्यात अशी उड्या मारत गेली. पेला क्रॉसिंग नावाचं उद्यान म्हणजे अशीच तळी. ते पुढची काही वर्षं बंद होतं. पूर ओसरल्यावर मी नकाशा उघडला तर नदी माझ्या एका खड्ड्याच्या आतून वाहत होती. आता बाष्पीभवन खड्ड्याचं धरायचं की नदीचं, असा मी पत्रात गंभीरपणे प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर यायला सहा महिने लागले.

हिशेब न जमणं काय असतं तेही या खोऱ्याने बघितलं. २००२ चा दुष्काळ भयंकर होता. तोपर्यंत विहिरीवाले शेतकरी वर्षावर्षाच्या परवानग्यांवर भरपाई भागवत होते. ती ढिलाई न्यायालयांनी मोडली. २००६ च्या मे महिन्यात, पेरण्या झालेल्या असताना, चारशेहून अधिक विहिरींचे पंप बंद करायचा हुकूम निघाला, कारण भरपाईचं पाणी दाखवता आलं नाही. माणसं रडताना मी बघितली. बाजूच्याच खाणीचा पंप चालू होता. तिच्याकडे शेअर विकत घ्यायला पैसे होते. इथे मला तो कायदा, सगळी हिशेबाची सफाई मान्य करूनही, बोचतो. प्रत्येक थेंबाला वाली आहे हे खरं, पण वाली विकत घेता येतो. आर्कान्सा नदीवरच्या क्राउली तालुक्यात १९७०च्या दशकात शेतकऱ्यांनी पाण्याचे शेअर शहरांना विकले. पन्नास हजार एकरांच्या आसपास भिजणारी जमीन होती, ती पाच हजारांच्या घरात आली. मी तिथे गेलो होतो. सरळ रेषेत आखलेल्या चाऱ्या अजून दिसतात, त्यांत वाळू. त्याच खोऱ्यात पुढे काही पाटकंपन्यांनी मिळून २००८ मध्ये ‘सुपर डिच’ काढली: शेत कायमचं विकायचं नाही, आळीपाळीने एकेक तुकडा पडीक ठेवायचा आणि तेवढंच पाणी भाड्याने द्यायचं. हे वाचून मी मोसमच्या मामांना फोन केला होता. मामा म्हणाले, ‘म्हणजे फड पाळी. मग एवढं इंग्रजीत कशाला?’

श्रोत्यांत महसूल खात्यातली मंडळी बसली आहेत, म्हणून एक गोष्ट त्यांच्यासाठी. आपल्याकडे नदीतून वाळू निघते ती ब्रासमध्ये मोजतात. शंभर घनफुटांचा ब्रास, त्यावर रॉयल्टी, चोरी पकडली तर ब्रासवर दंड. पंचनाम्यात ट्रॅक्टरचा नंबर असतो, खड्ड्याची लांबी-रुंदी असते. त्या खड्ड्यामुळे काठावरच्या विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं, हा रकाना मी अजून कुठल्या पंचनाम्यात वाचलेला नाही. आपल्या नद्या वेगळ्या, वाळू वेगळी, पाऊस चार महिन्यांत पडणारा. तिकडचं समीकरण उचलून इकडे लावा असं मी म्हणणार नाही. रकाना मात्र आखता येतो. त्याला कायदा बदलावा लागत नाही, पट्टी आणि पेन लागतं.

एक प्रश्न उरतो आणि तो मला नोकरीभर छळत होता. खाण पंधरा-वीस वर्षांत संपते, तळं राहतं. कंपनी विकली गेली, बुडाली, तर त्या तळ्याचं उसनं कोण फेडणार? बरीच वर्षं हा प्रश्न वर्षावर्षाच्या तात्पुरत्या मंजुऱ्यांवर ढकलला गेला. २०१० मध्ये राज्याच्या खाण-पुनर्वसन विभागाने सगळ्या खाणवाल्यांना पत्र धाडलं: खड्डा बुजवा, नाहीतर अस्तर लावा, नाहीतर कायमच्या भरपाईचं पाणी त्याच्या नावे बांधून ठेवा, आणि यातलं जे ठरेल त्याच्या खर्चाची हमी आधी जमा करा. पत्र आलं तेव्हा आमच्या कचेरीत दोन दिवस कुणी जेवायला बाहेर गेलं नाही.

मागच्या वर्षी तिकडे जाणं झालं तेव्हा माझ्या पहिल्या खड्ड्यावर गेलो. आता ते शहराचं उद्यान आहे. कडेने रुळलेली पायवाट, एका बाकावर एक बाई मुलाच्या गळाला आमिष लावून देत होती. फलक होता, त्यावर बारा-पंधरा पक्ष्यांची चित्रं, तळं पूर्वी खाण होती अशी एक ओळ. तळ्याची तहान ज्या शेतावर भागते ते तिथून सहा मैलांवर, पूडरच्या पलीकडे. तिथेही गेलो. देशी गवत आता चांगलं गुडघाभर आलंय. चारीच्या तोंडाचं लोखंडी दार साखळीने बांधून कुलूप घातलेलं होतं, आणि कुलपावर पाटकंपनीने रंगवलेला नंबर माझ्याच अक्षरातल्या एका जुन्या तक्त्यावरून घेतलेला. पाटातून पाणी भरून वाहत होतं, दारापाशी जरा घुटमळून पुढे जात होतं. फाटकापाशी उभ्या शेजाऱ्याने मला ओळखलं नाही. ‘कंपनीकडून आलात का? त्या तणाचं काहीतरी करा,’ म्हणाला.